ओळख पटत नाही

१

कौतिक महाजनला चेंबरमधून ओढून बाहेर काढलं, तेव्हा दारावरचा दिवा हिरवाच होता.

रावेरच्या त्या केळी पिकवण्याच्या चेंबरवर जो भेटेल तो हीच गोष्ट सांगत होता. ट्रक भरायचा थांबला होता. रिकामे क्रेट उन्हात तापत होते. सगळ्यांची नजर मात्र पुन्हा पुन्हा त्या दिव्याकडे जात होती.

उपनिरीक्षक ज्योत्स्ना बेंडाळे जळगावहून आल्या, तेव्हा त्यांना आधी चेंबरचं काम समजावून घ्यावं लागलं. हिरवी केळी आत भरायची, दार घट्ट लावायचं आणि पिकवण्याचा वायू सोडायचा. पिकताना केळी श्वास टाकतात, त्यामुळे आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. पंख्याने तो रोज बाहेर काढावा लागतो. हवा वाईट असली की दारावर लाल दिवा लागतो आणि कुलूप उघडत नाही.

पंख्याची मोटर जळाली होती आणि आतली हवा बदललेली नव्हती. तरीही बुधवारी दुपारी दिवा हिरवा होता आणि कुलूप उघडलं. कौतिक आत गेला, क्रेट उचलायला वाकला तो परत उठलाच नाही.

"सेन्सर बिघडलाय का?" ज्योत्स्नांनी तपासणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाला विचारलं.

"नाही मॅडम. सेन्सर धोक्याचा आकडाच दाखवत होता. पण तो आकडा बघून लाल लावायचा की हिरवा, हे सॉफ्टवेअर ठरवतं."

कौतिकची बायको कोकिळा घराच्या ओट्यावर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ज्योत्स्ना शेजारी टेकल्या, तशी ती आपणच बोलू लागली.

"बाई, त्याईले कामाची घाई कधीच नव्हती. लाल दिवा असला तं बिडी पीत बाहेर बसून राहेत. मालक किती का वरडेना. पन हिरवा दिसल्यावर मानूस कशाले थांबीन?"

"बरोबर आहे अक्का."

"मंग त्या मशीनले खोटं बोलाले कोनी शिकवलं?"

ज्योत्स्ना पुण्यात कंप्युटर इंजिनिअर झाल्या होत्या आणि नंतर पोलिसात आल्या होत्या. सायबर तपासात त्यांनी बँकेच्या फसवणुकी पाहिल्या होत्या, चोरलेले फोटो पाहिले होते. सॉफ्टवेअरने माणूस मेलेला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"ते मी शोधते," एवढंच त्या म्हणाल्या.

२

चेंबरचं सॉफ्टवेअर जळगावच्या 'हरितघड कंट्रोल्स' या छोट्या कंपनीने बनवलं होतं. मालक भूषण भंगाळे केळीच्या व्यापारातून या धंद्यात आलेला. त्याला कोडमधलं अक्षरही कळत नव्हतं, त्याने कधी सर्व्हर उघडूनही पाहिला नव्हता. कोड लिहिणारे दोघे. योगराज देवरे धुळ्याला घरी बसून काम करायचा. मोनाली रोटे नशिराबादची, ती रोज ऑफिसला यायची आणि चेंबरवर जाऊन दिवा आणि कुलूप चालवणारा कंट्रोलर बसवून द्यायची. ऑफिसच्या चाव्या तिघांकडेही होत्या.

कोड ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर होता; लॅपटॉपवर तो ठेवायचा नाही, रोज सकाळी नव्याने उतरवायचा, असा कंपनीचा नियम होता. त्यात कुणी, कधी, काय बदल केला याचा इतिहासही कोडसोबतच साठत जातो. ज्योत्स्नांना हवा होता तो इतिहास.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आपला लॅपटॉप काढला आणि एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडून देणाऱ्या सुरक्षित वाटेने, सगळा कोड क्लोन करायला, म्हणजे इतिहासासकट उतरवायला घेतला. लॅपटॉपने आधी विचारलं, हा सर्व्हर माझ्या ओळखीचा नाही, विश्वास ठेवू का? पहिल्या भेटीत तो नेहमीच असं विचारतो. त्यांनी हो म्हटलं. मोनालीने थेट सर्व्हरपाशी बसून त्यांना आत यायची परवानगी देऊन ठेवली होती. कोड झरझर उतरला.

त्यांनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"या कोडमध्ये लाल दिव्याची मर्यादा अगदी बरोबर आहे. हा चालू असता तर कौतिक जिवंत असते."

"बघा!" भूषण खुर्चीतून पुढे सरकला. "मी काय म्हणत होतो? आमचा कोड चोख आहे. दोष सेन्सरचा."

"सेन्सर चांगला आहे, भूषणभाऊ. आणि तुमच्या कोडच्या इतिहासात एकच नोंद आहे, ज्या दिवशी कौतिक गेले त्या रात्रीची. कंपनी कधीपासून चालू आहे?"

भूषण खुर्चीत मागे सरकला.

मोनाली इतका वेळ भिंतीशी उभी होती. तिने आपला लॅपटॉप पुढे आणून ठेवला. "मॅडम, मी गुरुवारी सकाळी हे बघितलं, तेव्हाच ओरडले होते. कुणी ऐकलंच नाही."

पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा होता. सावधान, या सर्व्हरची ओळख बदलली आहे. जोडणी नाकारत आहे.

"मला नीट समजेल असं सांगा हो कुणीतरी," भूषण वैतागला.

"प्रत्येक सर्व्हर नव्याने उभा केला की त्याची एक ओळख तयार होते," ज्योत्स्ना म्हणाल्या. "बोटाच्या ठशासारखी. एकदा जोडलेला लॅपटॉप ती लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्याच पत्त्यावर दुसराच ठसा दिसला की तो दारातून मागे फिरतो. माझा लॅपटॉप इथे पहिल्यांदाच आला, म्हणून त्याला फरक कळला नाही. मोनालीच्या लॅपटॉपला कळला. खोली तीच, पत्ता तोच, पण आत सर्व्हर दुसरा आहे. जुना पुसून कुणीतरी तो नव्याने उभा केलाय. आणि त्यात जुना इतिहास सोडून फक्त सुधारलेला कोड ठेवलाय."

भूषण उठून उभा राहिला. त्याचं बोट मोनालीकडे वळलं.

"बुधवारी ऑफिसला कुलूप हिनं लावलं. रावेरचा कंट्रोलरही हिनंच बसवला होता. आणि गुरुवारी सकाळी योगराजचा धुळ्याहून फोन आला, भाऊ, सर्व्हर मला आत घेत नाही, त्याच्यात नोंदवलेली माझी चावी, म्हणजे आत यायची परवानगी, कुणीतरी काढून टाकली. ती काढायचा अधिकार योगराजशिवाय फक्त हिला आहे!"

मोनालीचा चेहरा पांढरा पडला. "मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. भूषण तोवर फोनवर वकिलाचा नंबर शोधायला लागला होता.

"तुम्ही रावेरला जा," ज्योत्स्ना तिला म्हणाल्या. "तिथल्या पोलिसांसमोर तो कंट्रोलर उघडा आणि आत काय आहे ते मला कळवा."

"मॅडम, तिच्याच हातात देताय?" भूषण ओरडला.

"पोलिसांसमोर," ज्योत्स्ना म्हणाल्या आणि धुळ्याला निघाल्या.

३

योगराज धुळ्याच्या देवपूर भागात राहत होता. घर नीटनेटकं, टेबलावर दोन मोठे मॉनिटर. तिशीतला, हळू बोलणारा माणूस. डोळे तांबारलेले होते. त्याची आई वच्छलाबाई चहा ठेवून दाराआड उभी राहिली.

"फार वाईट झालं, ताई," तो म्हणाला. "तेव्हापासून झोप नाही."

"बुधवारी कुठे होता?"

"इथंच. मी घरूनच काम करतो."

"आणि गुरुवारी?"

"सकाळी नेहमीप्रमाणे कोड उतरवायला गेलो, तर परवानगी नाकारली, एवढंच आलं. माझी चावी त्याला चालत नव्हती. मी लगेच भूषणभाऊंना फोन केला."

"आता करून दाखवता?"

ज्या लॅपटॉपवर तो रोज काम करायचा, त्यावरच त्याने तीच आज्ञा दिली. क्षणभर थांबून एक ओळ आली. परवानगी नाकारली. बाकी काही नाही.

"गुरुवारी यापेक्षा वेगळं काही आलं होतं? एखादी चेतावणी? तुम्ही काही पुसलं वगैरे?"

"नाही. हे एवढंच. मी कशालाही हात लावला नाही. पुरावा आहे म्हणून मुद्दाम तसंच ठेवलंय."

"चांगलं केलंत." ज्योत्स्नांनी चहाचा घोट घेतला. "एक काम करा. आमच्या ऑफिसच्या सर्व्हरला जोडून बघा. हा पत्ता."

योगराजने जोडलं. लॅपटॉपने लगेच विचारलं, हा सर्व्हर माझ्या ओळखीचा नाही, विश्वास ठेवू का?

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं."

योगराजने सुटकेचा श्वास सोडला. "मोनाली वाईट नाही हो, ताई. घाबरली असेल. एवढी मोठी चूक झाल्यावर कुणीही घाबरेल."

लॅपटॉप सोबतच्या शिपायाच्या पहाऱ्यात ठेवून ज्योत्स्ना बाहेर पडल्या. फाटकापाशी पोहोचतात तोच वच्छलाबाई मागून लगबगीने आल्या. पदराने डोळे पुसत त्यांनी ज्योत्स्नांचा हात धरला.

"माय, तू शिकेल शे, त्याले समजाड. बुधवारना दिन तो जळगावले गया, दुसरा दिन परत उना. तवयपासून धड जेवस नही. कळण्यानी भाकर करी दिधी, तिले बी हात लावा नही. काय व्हयनं ते माले सांगस नही."

ज्योत्स्नांनी तो हात हलकेच दाबला. या बाईला आपण काय बोलून बसलो हे अजून कळलेलं नव्हतं. कळेल, तेव्हा तिच्याजवळ कोण असेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

४

गाडी हवालदार मोतीलाल चालवत होते. जळगावच्या वाटेवरचं पारोळा जवळ आलं होतं.

"पोरगा खोटं बोलला," मोतीलाल म्हणाले. "आईनंच सांगितलं ना, जळगावला गेला होता म्हणून."

"जळगावला गेला म्हणजे सर्व्हर बदलला असं होत नाही. कोर्टात आईचं बोलणं फिरेल. पण त्याचा लॅपटॉप खरं बोलला, मोतीलाल."

"कसा काय?"

"समजा, तुम्ही ओळखीच्या घरी गेलात. दार उघडणारा माणूस कोण आहे, हे तुम्ही आधी बघाल ना? भलताच माणूस दिसला तर तिथूनच परत फिराल. तो तुम्हाला आत घेतो की नाही, ही पुढची गोष्ट. एसएसएचचंही तसंच आहे. आधी लॅपटॉप सर्व्हरची ओळख तपासतो. ती पटली, तरच सर्व्हर आपली चावी तपासतो."

मोतीलालनी वेग कमी केला.

"मोनालीचा लॅपटॉप पहिल्याच पायरीवर थांबला. सर्व्हर नवा होता, ओळख पटली नाही. जुन्या सर्व्हरशी रोज जोडणाऱ्या कुणाचंही असंच व्हायला हवं. योगराजचा लॅपटॉप मात्र थेट दुसऱ्या पायरीवर गेला. चावी नाकारली गेली, म्हणजे त्याआधी ओळख पटली होती. नव्या सर्व्हरची ओळख त्याच्या लॅपटॉपला आधीपासून होती!"

"पण काही लोक ही तपासणी बंद करून ठेवत असतील..."

"ठेवतात. म्हणून तर मी त्याला आपल्या सर्व्हरशी जोडायला लावलं. त्याच्या लॅपटॉपने विश्वास ठेवू का विचारलं. तपासणी चालू आहे. बुधवारी रात्री हाच लॅपटॉप जोडून तो नव्या सर्व्हरसमोर बसला होता, त्यानेच तो उभा केला. मग मोनालीवर संशय यावा म्हणून स्वतःची चावी स्वतःच काढली. आणि चावी नाकारल्याचं दाखवायच्या नादात त्याच्या आधीची पायरी विसरला."

त्यांचा फोन वाजला. मोनाली होती.

"मॅडम, कंट्रोलर उघडला. इथला तर नव्या सर्व्हरला दारातूनच परत पाठवतोय. ओळख पटत नाही म्हणतोय. त्यामुळे नवा कोड इथे आलाच नाही. जुना तसाच आहे, सगळ्या इतिहासासकट! क्लोन केला की अख्खा इतिहासही येतो ना सोबत."

"काय आहे त्यात?"

"लाल दिव्याची मर्यादा गेल्या महिन्यात वाढवलीये. खूप वाढवलीये, मॅडम. माणूस टिकणार नाही इतकी. नोंद ऑफिसच्या सामाईक खात्याची आहे, त्यामुळे नाव कळत नाही."

"नाव मला कळलंय." तेवढ्यात पुढचा विचार त्यांच्या डोक्यात आला. "मोनाली, कंपनीचे बाकीचे चेंबर कोड कुठून घेतात?"

"याच सर्व्हरवरून," मोनाली पुटपुटली. "म्हणजे त्यांनीही नवा सर्व्हर नाकारला असणार. म्हणजे सगळीकडे अजून तोच..."

"सगळ्यांना फोन लावा. आत्ता. दारं बंद, कुणीही आत जायचं नाही. मोतीलाल, गाडी फिरवा."

५

योगराजने दार उघडलं आणि ज्योत्स्नांना पाहून तो दोन पावलं मागे सरला.

त्यांनी काहीच लपवलं नाही. लॅपटॉपने नव्या सर्व्हरला कसं ओळखलं, हे उभ्याउभ्याच सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हे सगळं तर्काचं आहे, ताई," शेवटी तो म्हणाला. "मी वकिलाशी बोलेन."

"बोला. पण त्याआधी एक ऐका. तुम्ही नव्या सर्व्हरवर सुधारलेला कोड ठेवलात. तो आपोआप सगळ्या चेंबरना जाईल, असं वाटलं ना तुम्हाला?"

त्याची नजर शिपायापुढच्या लॅपटॉपकडे गेली.

"एकाही चेंबरला गेलेला नाही. लॅपटॉपसारखेच तेही ओळख तपासतात. तुम्ही पुरावा पुसायला सर्व्हर बदललात आणि त्यामुळेच दुरुस्ती अडली. आज शुक्रवार आहे. बुधवारनंतरही प्रत्येक दारावर तोच हिरवा दिवा आहे."

योगराजने भिंतीला हात टेकला. दाराआडून वच्छलाबाई पुढे आल्या.

"मोनालीने सगळ्या चेंबरना फोन केलेत," ज्योत्स्ना म्हणाल्या. "लोक बाहेर आहेत."

"मोनालीला सगळे माहीत नाहीत," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "सावद्याला एक आहे. भूषणभाऊंच्या मेव्हण्याचा. कागदावर नाही. मीच जाऊन बसवला होता. तिथला पंखा पहिल्यापासून रडत चालतो. फोन लावा ताई, फोन लावा!"

नंबर त्यानेच सांगितला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. योगराज जमिनीवर बसला होता आणि दोन्ही हातांनी डोकं धरून, उचला रे, उचला रे, म्हणत होता. तिसऱ्यांदा एका माणसाने उचलला.

"चेंबरमध्ये कुणी आहे का?" ज्योत्स्ना ओरडल्या.

"हाये ना, प्रेमराज गेला आत्ताच. काहून?"

"बाहेर काढा त्याला! तुम्ही आत जाऊ नका. दार उघडं टाका, दोरी असेल तर दोरीनं, बांबूनं, कशानंही ओढा!"

फोन चालूच राहिला. पळापळ ऐकू आली, मग आरडाओरडा, एक बाई किंचाळली. काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज आला. मग तोच माणूस धापा टाकत म्हणाला, "पडेल व्हता साहेब. काढला. श्वास चालू हाये."

योगराज हमसून हमसून रडू लागला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

मग त्याने सगळं सांगितलं. पंखे जुने झाले होते. लाल दिवा लागला की हवा निघेपर्यंत ट्रक उभे राहायचे, व्यापारी भूषणवर भडकायचे. भूषण म्हणाला, दिवा जरा उशिरा लागू दे, पंखे पुढच्या हंगामात बदलू.

"मी नाही म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा केलं. म्हटलं, थोडे दिवस. बुधवारी भूषणभाऊंचा फोन आला, रावेरला माणूस गेला म्हणाले. मला कळलं, कशानं गेला ते. गाडी काढली आणि जळगावला गेलो."

"आणि मोनाली?"

त्याने मान खाली घातली.

वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "बठ्ठा गावले सांगत फिरू मी, मना पोऱ्या कंप्युटरमा हुशार शे म्हणून."

६

भूषणला संध्याकाळी जळगावच्या घरातून ताब्यात घेतलं. मर्यादा वाढवायला आपण कधी सांगितलंच नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्याने जे सांगितलं होतं ते तोंडी होतं. कोडच्या इतिहासात ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते सिद्ध होईल की नाही, हे ज्योत्स्नांनाही माहीत नव्हतं. सावद्याचा लपवलेला चेंबर आणि योगराजचा जबाब, एवढंच हाताशी होतं.

प्रेमराज वाचला. पण बोलताना त्याची जीभ अडखळते आणि माणसांची नावं आठवायला त्याला वेळ लागतो. हे हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. सुधारेलच, असं मात्र म्हणाले नाहीत. मोनालीने हरितघडची नोकरी सोडली. जाण्याआधी तिने प्रत्येक चेंबरवर स्वतः जाऊन नव्या कोडची खात्री केली. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

ज्योत्स्ना कोकिळाकडे गेल्या, तेव्हा दहाव्याचे पाहुणे परतले होते. ओट्यावर ती एकटीच होती. ज्योत्स्नांनी तिला सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. दिवा कुणी बदलला, का बदलला, नंतर ते लपवायला काय केलं.

"म्हन्जे त्यानं रातीच दुरुस्त केलं व्हतं?" शेवटी तिने विचारलं.

"हो. पण ते कुठे पोचलंच नाही."

"त्याच्यापाशी फोन नव्हता?"

"होता."

"मंग एक फोन करून बाकीच्याईले सांगाचं व्हतं ना, दिवा खोटा हाये म्हून. नाव नसतं सांगितलं तं चाललं असतं. कोन विचारनार व्हतं?" ती थांबली. "मशीनले सांगितलं त्यानं. मानसाले नई सांगितलं."

ज्योत्स्ना तिच्याजवळ बसून राहिल्या. थोड्या वेळाने कोकिळा उठली. बैलांना वैरण टाकायची राहिली होती. ती आता तिलाच टाकायची होती.